सरकार हलते कसे आणि अडते कुठे: एका चलचित्र देखाव्याचा आराखडा

गणेशोत्सवाच्या दिवसांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी घरांत आणि मंडळांत चलचित्र देखावे उभे राहतात. लाकडी चौकटीमागे गाडीच्या वायपरची जुनी मोटर असते, तिच्या दांड्यावर मुद्दाम वेडेवाकडे कापलेले चाक, चाकाला दोरी, आणि दोरीच्या टोकाला दळण दळणारी बाई, रापण ओढणारे कोळी किंवा गदा उचलणारा भीम. पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्या मुलखात आहेत, तिथे हे कसब नवे नाही. ते बहुतेक वेळा पौराणिक प्रसंगांवर किंवा गावच्या देखाव्यांवर खर्च होते, आणि त्यात काही वावगेही नाही. तरीही याच साधनांनी एक अवघड विषय फार चांगला समजावता येईल असे मला वाटते, आणि तो म्हणजे सरकार नेमके कसे चालते.

शाळेच्या नागरिकशास्त्रात हा विषय चौकोन आणि बाणांच्या आकृतीने शिकवला जातो. वर राज्यपाल, खाली मंत्रिमंडळ, बाजूला विधिमंडळ, आणखी खाली जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. ही आकृती चुकीची नाही, परंतु ती स्थिर आहे. कोण कोणाच्या वर आहे एवढेच ती सांगते. कोण कोणाला थांबवू शकतो, एखादी मागणी कुठे किती काळ पडून राहते, पैसा कोणत्या क्षणी सुटतो आणि त्या क्षणी कोणाचा हात किल्लीवर असतो, हे तिच्यातून कळत नाही. या सगळ्या गोष्टी काळात घडतात, आणि काळात घडणारी गोष्ट हलणाऱ्या वस्तूनेच नीट दाखवता येते.

हलणारे शिल्प ही कला म्हणून शंभर वर्षांपूर्वीच मान्य झाली. नाउम गाबो याने १९१९-२० मध्ये मोटरने कंप पावणारी धातूची एक कांब उभी केली, आणि थरथरताना ती हवेत उभ्या राहिलेल्या लाटेसारखी दिसत असे. पुढे अलेक्झांडर काल्डर याने वाऱ्यावर फिरणारी, तोल सांभाळणारी लटकती शिल्पे केली, तर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या आवारात जाँ टँगेली याने स्वतःलाच मोडून टाकणारे यंत्र चालवून दाखवले. या शिल्पांना काही समजावून सांगायचे नव्हते. समजावण्यासाठी घडवलेले आणि आपल्या विषयाच्या अगदी जवळ येणारे हलते यंत्र एका कलावंताने नव्हे, तर विजेचे काम शिकलेल्या एका माणसाने केले, आणि त्याच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

बिल फिलिप्स हा न्यूझीलंडचा. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता, आणि युद्धानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आला. अर्थशास्त्रातील समीकरणांपेक्षा नळ, टाक्या आणि झडपा त्याला अधिक कळत होत्या, म्हणून त्याने देशाच्या अर्थव्यवस्थेचे पाण्यावर चालणारे यंत्रच बांधायचे ठरवले. क्रॉयडन येथील एका गॅरेजमध्ये ते आकाराला आले आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याने ते प्राध्यापकांसमोर चालवून दाखवले. सुमारे दोन मीटर उंचीच्या या यंत्रात रंगवलेले पाणी पंपाने वर चढे आणि पारदर्शक टाक्यांतून खाली उतरे. वरून पडणारे पाणी म्हणजे देशाचे उत्पन्न. त्यातला एक ओघ कर म्हणून सरकारच्या वाटेने जाई, एक बचतीकडे वळे, एक आयातीबरोबर बाहेर पडे, आणि सरकारी खर्च, गुंतवणूक व निर्यात यांच्या रूपाने काही पाणी पुन्हा मुख्य धारेत येऊन मिळे. टाकीतील पातळी वाढली की तरंगणारा ठोकळा वर येई, त्याला जोडलेली झडप किती उघडावी हे प्लास्टिकच्या पट्टीत कापलेल्या खाचेवरून ठरे, आणि बाजूची लेखणी कागदावर आलेख काढत राही. गृहीतक बदलायचे असेल तर पट्टी बदलायची, एवढे ते सोपे होते. अशी डझनभराच्या आसपास यंत्रे बनली. त्यांपैकी एक लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे, एक न्यूझीलंडमध्ये, आणि केंब्रिजमधले यंत्र दुरुस्त करून चालते ठेवलेले आहे.

या यंत्राचा खरा धडा जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाच्या वर्गात मिळत असे. तो एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करून कर आणि सरकारी खर्चाच्या झडपा त्याच्या हाती देई, दुसऱ्याला मध्यवर्ती बँक करून व्याजदराची झडप देई, आणि दोघांना एकच उद्दिष्ट देऊन एकमेकांशी न बोलता ते गाठायला सांगे. दोघेही हुशार, दोघांचा हेतू चांगला, तरीही पाणी भलतीकडे उसळे, कारण एकाने झडप फिरवल्याचा परिणाम दुसऱ्या टाकीत पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर दुसऱ्याने आपली झडप फिरवलेली असते. पुस्तकात एका ओळीत वाचलेला ‘विलंब’ हा शब्द तिथे डोळ्यांना दिसत असे. फिलिप्सच्या यंत्रात एक उणीव मात्र होती. झडपेवर कोणाचा हात असावा, तो तिथे कोणी ठेवला आणि तो काढता येतो का, हे प्रश्न त्यात नव्हते. अर्थव्यवस्था पाण्याने दाखवता येते. सरकार दाखवायचे तर हातही दाखवावे लागतात.

आता आपल्या देखाव्याकडे येऊ. ‘संपूर्ण सरकार’ दाखवायला गेलो तर काहीच दिसणार नाही, म्हणून एकच काम धरावे, आणि कोकणात त्यासाठी साकवाइतके, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाइतके, योग्य काम दुसरे नाही. वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शाळा आणि बसथांबा अलीकडे. पावसाळ्यात व्हाळ भरला की मुले अडकतात. पूर्वी माडाची किंवा सुपारीची खोडे टाकून गावकरी स्वतःच दरवर्षी साकव घालत. आता लोखंडी किंवा सिमेंटचा साकव हवा असतो, तो जिल्हा वार्षिक योजनेतून होतो, आणि तो होईपर्यंत किती दारांतून जावे लागते हे वाडीतल्या प्रत्येकाला ढोबळपणे ठाऊक असते, पण कोणते दार कशासाठी आहे हे ठाऊक नसते.

देखाव्यात दोन पदार्थ असावेत, आणि ते शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. पहिला म्हणजे गोटी, कांतून लाखेच्या रंगात रंगवलेली लाकडी गोटी. ती म्हणजे साकवाची मागणी, ठराव, प्रस्ताव, जिला कचेरीत आपण फाइल म्हणतो ती. दुसरा म्हणजे पाणी, म्हणजेच पैसा. बहुतेक गैरसमज या दोघांना एकच मानल्यामुळे होतात. ‘साकव मंजूर झाला’ असा फलक लागतो तेव्हा गोटी पुढे सरकलेली असते, पाणी अजून टाकीतच असते. गोटी आणि पाणी यांची भेट शेवटी कोषागाराच्या खिडकीशी होते, आणि त्याआधी दोघांचा प्रवास निराळ्या वाटांनी, निराळ्या नियमांनी होतो.

गोटीचा प्रवास ग्रामसभेपासून सुरू होतो. संविधानातील ७३ व्या दुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. देखाव्यात हे एका तराजूने दाखवावे: पुरेशा लाकडी बाहुल्या पारड्यात बसल्याशिवाय गोटीचे फाटक उघडत नाही. आणि प्रामाणिकपणे दाखवायचे तर शेजारी एक दुसरे, हलके फाटकही हवे, कारण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. किती गावांत गोट्या या दुसऱ्या फाटकातूनच जातात, हे पाहणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

पुढे गोटी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जाते. तिथे जागेची पाहणी आणि अंदाजपत्रक होते. मग जिल्हा नियोजन समिती येते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि संविधानाच्या अनुच्छेद २४३-झेडडी प्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि जिल्ह्यातील नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात. कोणते साकव यंदाच्या आराखड्यात बसतील हे तिथे ठरते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक टप्प्याला गोटी एका खोबणीत बसावी आणि ती बसली की एक छोटी खिट्टी खाली पडून तिला मागे जाऊ देऊ नये, असे केले तर टप्प्यांचा अर्थ आपोआप कळतो. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम करायचे आहे आणि एवढ्या खर्चापर्यंत करायचे आहे’ असा निर्णय. तांत्रिक मान्यता म्हणजे ‘असा बांधला तर तो उभा राहील’ असा अभियंत्याचा होकार. दोन्हींवर सही असते म्हणून त्या सारख्या वाटतात, पण एक इच्छेची आहे आणि दुसरी वजनाची.

पाण्याची टाकी मुंबईत. तिचे नाव राज्याचा एकत्रित निधी, आणि तिच्यावरचे कुलूप हा सबंध देखाव्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अनुच्छेद २६६ च्या तिसऱ्या खंडाप्रमाणे कायद्यानुसार असल्याशिवाय या निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. मुख्यमंत्र्यांची इच्छा, मंत्रिमंडळाचा ठराव, कितीही मोठ्या सभेत दिलेले आश्वासन, यांपैकी कशानेही हे कुलूप उघडत नाही. ते विधिमंडळाने संमत केलेल्या विनियोजन कायद्याने, म्हणजे कशासाठी किती पैसा काढायचा हे सांगणाऱ्या कायद्यानेच उघडते. दरवर्षी मार्चच्या सुमारास अर्थसंकल्प मांडला जातो, अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होते ते फक्त २८८ जणांच्या विधानसभेत, आणि ७८ जणांच्या विधान परिषदेला अशा धन विधेयकावर आपल्या शिफारशी कळवायला १४ दिवस मिळतात; त्या स्वीकारायच्या की नाही हे विधानसभाच ठरवते. देखाव्यात परिषदेसाठी वाळूचे एक घड्याळ पुरेल: ते उलटले की वाळू संपेपर्यंत झडप थांबते, आणि वाळू संपली की ती आपोआप उघडते. साध्या विधेयकासाठी याच परिषदेकडे मोठे घड्याळ असते, पहिल्या वेळी तीन महिन्यांचे आणि दुसऱ्या वेळी एका महिन्याचे. परिषद उशीर करू शकते, कायमचे अडवू शकत नाही, हे एवढ्या थोड्या जागेत दुसऱ्या कोणत्याही साधनाने सांगता येणार नाही.

मंत्रिमंडळ दाखवायचे तर त्याला मध्यभागी एका फळीवर बसवावे. ही फळी विधानसभेच्या २८८ खुंट्यांपैकी निम्म्याहून अधिक खुंट्यांवर टेकलेली असते. खुंट्या खाली सरकत १४५ च्या आत आल्या की फळी कलंडते, आणि तिच्यावरचे सगळे मंत्री एकदमच घसरतात, कारण अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. एकाला वाचवून दुसऱ्याला पाडण्याची सोय या फळीत नाही. मंत्र्यांची संख्याही विधानसभेच्या १५ टक्क्यांपुरती, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३ पर्यंतच, तेव्हा फळीची लांबी त्याच हिशेबाने कापावी. खुंट्यांना पक्षांच्या रंगाच्या दोऱ्या बांधलेल्या असाव्यात, कारण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला आपल्या मनाने खाली सरकणे तितकेसे सोपे राहिलेले नाही, जरी अलीकडे महाराष्ट्राने दोऱ्याच एका मुठीतून दुसऱ्या मुठीत गेलेल्या पाहिल्या आहेत. फळीच्या खाली मात्र एक वेगळे, जमिनीत पक्के रोवलेले टेबल हवे. ते म्हणजे सचिव, जिल्हाधिकारी, अभियंते, लिपिक, अर्थात स्थायी प्रशासन. फळी कलंडली तरी टेबल हलत नाही आणि टेबलावरची गोटी खाली पडत नाही. सरकार पडल्याच्या दिवशीही तलाठी कार्यालयात सातबारा मिळतो, तो या टेबलामुळे.

आता घड्याळांविषयी, कारण कोकणातील कामे समजून घ्यायची तर हीच गोष्ट सर्वांत अधिक उपयोगाची आहे. देखाव्याच्या मुख्य दांड्यावर दोन वेडीवाकडी चाके शेजारीशेजारी बसवावीत. पहिले आर्थिक वर्षाचे: ते १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला न वापरलेल्या तरतुदीची झडप बंद करते. दुसरे पावसाचे: जून ते सप्टेंबर ते बांधकामाचा रस्ता उचलून धरते, कारण सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दिवसांत भरलेल्या व्हाळात पाया खोदता येत नाही. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, पण त्यांचे उंचवटे एकमेकांना जुळत नाहीत. मार्चमध्ये अर्थसंकल्प झाला, निधीचे वितरण होऊन मान्यता निघेपर्यंत मे उजाडला, निविदा निघेपर्यंत मिरगाचा पाऊस आला. पुढे दिवाळी होईपर्यंत व्हाळाचे पाणी उतरत नाही, मग ठेकेदाराला गवंडी मिळत नाहीत, आणि प्रत्यक्ष काम जानेवारीनंतर घाईने उरकले जाते. जिल्हा परिषदेकडे वर्ग झालेला निधी खर्च करायला सर्वसाधारणपणे पुढचे वर्षही मिळते, त्यामुळे थोडा श्वास घेता येतो; तरीही मार्च महिन्यात कोकणात एकाच वेळी इतके सिमेंट का कालवले जाते, याचे उत्तर कोणा एकाच्या लबाडीत शोधण्याआधी या दोन चाकांत शोधावे. घाटावरच्या जिल्ह्यात हाच देखावा उभा केला तर दुसऱ्या चाकाचा उंचवटा बराच लहान कापावा लागेल, पहिल्याचा तेवढाच राहील, आणि मुंबईत बसून ठरवलेले एकच वेळापत्रक सगळ्या जिल्ह्यांना सारखे का बसत नाही ते दिसेल.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असे आपण म्हणतो. या म्हणीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत, आणि देखाव्याने दुसरे काही केले नाही तरी त्या वेगळ्या करून दाखवाव्यात, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. काही ठिकाणी गोटी थांबते कारण तिथे कुलूप आहे, आणि ते विचारपूर्वक लावलेले आहे: विधानसभेचे मतदान, निविदेची मुदत, अभियंत्याची पाहणी. काही ठिकाणी ती थांबते कारण तिथे गंज आहे: सही करणारा रजेवर आहे, फाइल दुसऱ्या टेबलावर ढिगाखाली आहे, कोणी मुद्दाम बसून आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही थांबणी सारखीच दिसतात, म्हणून वैतागून तो सगळीच कुलपे काढून टाका म्हणतो, किंवा उलट, गंजालाच ‘प्रक्रिया’ म्हणून मुकाट मान देतो. देखाव्यात कुलपे पितळेची चकचकीत असावीत, प्रत्येकावर किल्ली कोणाकडे आहे ते लिहिलेले असावे, आणि ती आवाज न करता उघडावीत. गंजलेल्या सांध्यांवर मात्र काहीच लिहिलेले नसावे आणि ते कुरकुरावेत.

गंजासाठी कायद्याने तेलाची कुपीही दिलेली आहे, ती हाताशी टांगून ठेवावी. महाराष्ट्राच्या २००५ च्या, बदल्यांचे विनियमन आणि दप्तरदिरंगाईला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. त्याच वर्षीच्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्याने कोणत्याही नागरिकाला अर्ज करून आपली गोटी कोणत्या टेबलावर आहे ते विचारता येते आणि ३० दिवसांत उत्तर मिळावे लागते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम दाखले आणि परवान्यांसारख्या सेवांना मुदत घालतो. तेल आहे म्हणून सांधा फिरतोच असे नाही, पण ते घालायचा अधिकार प्रेक्षकाचा आहे आणि कुलपाची किल्ली फिरवायचा अधिकार त्याचा नाही, हा फरक हाताने करून पाहिला की लक्षात राहतो.

साकव व्हाळावर न होता खाडीच्या फाट्यावर व्हायचा असेल तर रुळाचा एक जास्तीचा फाटा जोडावा लागेल. भरतीचे पाणी जिथवर चढते त्या परिसरात १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. ते २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढले गेले. त्यामुळे गोटीला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागते, आणि वाटेत कांदळवन आले तर आणखी पुढे. हेही कुलूपच आहे, गंज नव्हे, आणि मालवण-देवगडच्या मच्छीमारांना ते कधी आपल्या बाजूचे वाटते, कधी विरुद्ध.

न्यायालयाला मोटरच्या दांड्यावर बसवू नये. त्याचा आस पूर्णपणे वेगळा हवा, आणि त्यातून एक लांब हात निघून तो देखाव्यातील जवळपास कोणत्याही चाकापर्यंत पोहोचावा. बहुतेक वेळा हा हात स्वतःहून हलत नाही; कोणीतरी याचिका घेऊन त्याची दोरी ओढावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या रहिवाशांना ही दोरी ओढायला पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले, तेव्हा दोरीचे टोक आता गगनबावड्याच्या घाटापलीकडे आहे.

महालेखापरीक्षकासाठी नळीत काचेची खिडकी पुरे. पाणी वाहून गेल्यावर किती गेले, कुठे गेले आणि किती गळले ते तिथे दिसते, अहवाल विधिमंडळापुढे जातो, लोकलेखा समिती तो तपासते. ही खिडकी काही थांबवत नाही. ती लावली आहे हे माहीत असल्याने आधीचे हात जरा सांभाळून फिरतात, एवढाच तिचा परिणाम, आणि तो थोडा नाही.

गोट्यांच्या शिल्पांत रुळाला उतार असतो, गोटी वरून सोडली की ती आपल्या वजनाने शेवटपर्यंत जाते आणि पाहायला मजा येते. इथे तसे केले तर देखावा खोटे बोलेल. आपले रूळ सपाट असावेत. दोन खोबण्यांच्या मध्ये गोटी थांबून राहावी, आणि प्रेक्षकाने बोटाने ढकलल्याशिवाय पुढे जाऊ नये. याला गावात पाठपुरावा म्हणतात. कठड्याबाहेरून काही गोट्यांपर्यंत बोट पोहोचेल, काहींपर्यंत पोहोचणार नाही, आणि उंच माणूस वाकून आपली गोटी पुढे सरकवेल तेव्हा शेजारची लहान मुलगी ते पाहील. हे मुद्दाम ठेवावे की कठडा सगळीकडे सारख्या अंतरावर करावा, यावर मंडळात वाद होईल. माझे मत मुद्दाम ठेवावे असे आहे, कारण वाडीतली मागणी पुढे जाणे हे तिथे कोणाची ओळख कुठवर आहे यावर किती अवलंबून असते, हे लपवून सरकार समजावता येत नाही.

साहित्याविषयी थोडे. खाऱ्या हवेत साधे लोखंड एका पावसाळ्यात खराब होते, म्हणून आस स्टेनलेस स्टीलचे, दातेरी चाके नायलॉनची आणि कुलपे पितळेची घ्यावीत. गंजलेले सांधेच तेवढे लोखंडाचे, आणि त्यांना मुद्दाम काही करावे लागणार नाही. गोट्यांना पांगाऱ्याचे हलके लाकूड चालेल, पण चौकट आणि खोबण्या सागाच्या असाव्यात, आणि खोबणी गोटीपेक्षा सैल ठेवावी, कारण भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड फुगते आणि मे महिन्यात बरोबर बसलेली गोटी चतुर्थीच्या दिवशी कुलूप नसलेल्या जागीही अडकते. पाण्यात रंग घालायचा तर खाण्याचा घालावा, म्हणजे विसर्जनानंतर ते अंगणात ओतता येईल.

एक चाक मात्र काढता येईल असे करावे. जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या सदस्यांचे ते चाक. अनुच्छेद २४३-ई सांगतो की पंचायतींची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसह राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि गटरचना यांचे वाद न्यायालयात होते, आणि तीन वर्षांहून अधिक काळ या परिषदांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. देखाव्यात हे चाक काढले तर काय होईल? यंत्र थांबणार नाही. टेबल तसेच राहील, टाकीचे कुलूप उघडेल, गोट्या खोबण्यांतून जातील, कदाचित एक वळण कमी झाल्याने थोड्या लवकरही जातील. बदलेल ते एवढेच की पाच वाड्यांच्या पाच गोट्या एकाच फाटकाशी उभ्या असतील तेव्हा त्यांपैकी आधी कोणती सोडायची हे ठरवणारा, आणि चुकीची सोडली तर पुढच्या निवडणुकीत ज्याला जाब विचारता येईल असा, हात तिथे नसेल. प्रेक्षकाला हे चाक स्वतः काढून आणि परत बसवून पाहू द्यावे. शेजारी एक वही ठेवून चाक असताना आणि नसताना कोणती गोटी आधी सुटली याची नोंद करायला लावली, तर उत्सव संपल्यावर मंडळाला ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.